सिसलॉग फाइल तीन आठवडे रिकामी, सेवा मात्र 'चालू' दाखवते. मदत हवी

वाचनालयवाला | सोमवार, सकाळी ११.१५

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह. पुस्तकांची देवघेव आम्ही कोहा या मुक्त प्रणालीवर करतो. त्यासाठी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २२.०४ (आधी २०.०४ होतं, त्यावरूनच चढवलं). मुख्य विभाजन ३० जीबीचं.

तीन आठवड्यांपूर्वी डिस्क शंभर टक्के भरली आणि डेटाबेस बंद पडला. भाचा सुट्टीला आला होता. त्याने शोधून काढलं की व्हार/लॉग मधल्या सिसलॉग आणि कर्न.लॉग या दोनच लॉग फाइलींनी (यंत्रात काय घडतं त्याच्या नोंदवह्या) २२ जीबी खाल्लेत. त्याने त्या उडवल्या, जागा मोकळी झाली, वाचनालय सुरू झालं. पोराने वेळेला धावून काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण काल दुपारी यंत्र आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. कारण शोधायला सिसलॉग उघडली तर आत एक ओळ नाही, फाइल शून्य बाइटची. सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग (आरसिसलॉग म्हणजे त्या फाइली लिहिणारी सेवा) म्हटलं की हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह (रनिंग)' येतं. सेवा दोनदा पुन्हा सुरू केली, यंत्रही पुन्हा सुरू केलं. फरक नाही.

गावातला एक जण म्हणतो, सगळं पुसून नव्याने टाका. वाचनालयात आठ हजारांवर पुस्तकांची नोंद आहे, माझी हिंमत होत नाही. काय करू?

लॅबसहायक | सोमवार, सकाळी ११.५०

पुसू नका. आधी डीएफ -एच आणि डीएफ -आय दोन्ही बघा. कधी जागा असते पण आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी एकेक नोंद) संपलेले असतात, मग नवी फाइल तयारच होत नाही. आमच्या लॅबमध्ये एका यंत्रावर लाखो बारक्या सेशन फाइली साचून असं झालं होतं.

वाचनालयवाला | सोमवार, दुपारी १२.२०

दोन्ही बघितलं. जागा ३४ टक्के वापरात, आयनोड ११ टक्के.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १.०५

काका, नमस्कार. नव्याने टाकायची अजिबात गरज नाही. फोनवरून लिहितेय, त्यामुळे आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते. तुम्ही ते नेहमीप्रमाणे इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

शेतात पाणी पोहोचत नसलं की आपण शेतात उभं राहून पाण्याची वाट बघत नाही, पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि कुठल्या बांधाशी पाणी अडलंय ते बघतो. इथेही तेच करायचं. उबुंटूवर एखाद्या प्रोग्रॅमचा निरोप असा जातो: प्रोग्रॅम तो डेव्ह/लॉग या सॉकेटमध्ये (निरोप देण्या-घेण्याचं तोंड) टाकतो. ते सॉकेट आता आरसिसलॉगचं नाही, सिस्टमडी-जर्नलडी या दुसऱ्या लॉग-सेवेचं आहे. जर्नलडी निरोप स्वतःच्या बायनरी फाइलीत लिहून घेतो आणि एक प्रत दुसऱ्या सॉकेटातून आरसिसलॉगकडे सरकवतो. आरसिसलॉग नियम वाचून ठरवतो की हा निरोप सिसलॉगमध्ये, ऑथ.लॉगमध्ये की आणखी कुठे. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) निरोपांचा पाट निराळा: ते आरसिसलॉग आयएमकेलॉग नावाच्या भागातून थेट वाचतो.

म्हणजे चार-पाच बांध आहेत. आपण वरून दोन निरोप सोडू:

लॉगर "चाचणी एक"
लॉगर -पी ऑथ.इन्फो "चाचणी दोन"

मग जर्नलसीटीएल -एन २० म्हणा. दोन्ही दिसतात का? आणि व्हार/लॉग/ऑथ.लॉगचं शेपूट टेलने बघा, त्यात 'चाचणी दोन' आली का?

वाचनालयवाला | सोमवार, दुपारी ३.४०

वाचकांची गर्दी होती, आत्ता बसलो. जर्नलसीटीएलमध्ये दोन्ही ओळी दिसल्या, मराठी अक्षरं पण नीट उमटली. आणि ऑथ.लॉगमध्ये 'चाचणी दोन' आली! त्या फाइलीत आजच्या बाकीच्या नोंदीही आहेत. ती फाइल चालू आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सिसलॉगच उघडत बसलो होतो.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३.५५

मग अर्ध्याहून जास्त काम झालं. ऑथ.लॉगमध्ये आजची नोंद आहे, याचा अर्थ जर्नलडी बरा, मधलं सॉकेट बरं, आरसिसलॉग जिवंत आणि त्याला निरोप मिळतायत. पाणी तुमच्या बांधापर्यंत आलंय, फक्त एका वाफ्याचं तोंड बंद आहे. आता हे दोन द्या:

एलएस -एलडी व्हार/लॉग
एलएस -एल व्हार/लॉग/सिसलॉग व्हार/लॉग/कर्न.लॉग व्हार/लॉग/ऑथ.लॉग

आणि जर्नलसीटीएल -यू आरसिसलॉग -बी. 'स्टेटस' फक्त शेवटच्या दहा ओळी दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

जुनी_वाट | सोमवार, संध्याकाळी ५.१०

मला वाटतं व्हार/लॉग या फोल्डरचाच मालक बदलला असेल. उबुंटूचा आरसिसलॉग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून सुरू होतो आणि लगेच 'सिसलॉग' नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या अंगरख्यात जातो. फोल्डरचा मालक:गट रूट:सिसलॉग आणि परवानगीचा आकडा ७७५ नसेल तर त्याला नवी फाइल बनवताच येत नाही. मी असं दोन ठिकाणी पाहिलंय.

वाचनालयवाला | सोमवार, संध्याकाळी ६.३०

हे घ्या:

व्हार/लॉग फोल्डर: मालक रूट, गट सिसलॉग, ७७५.
सिसलॉग: मालक रूट, गट रूट, ६४४, आकार ०.
कर्न.लॉग: मालक रूट, गट रूट, ६४४, आकार ०.
ऑथ.लॉग: मालक सिसलॉग, गट एडीएम, ६४०, आकार १.१ एमबी.

आणि जर्नलमध्ये आरसिसलॉगच्या नावाने हे: 'फाइल व्हार/लॉग/सिसलॉग: ओपन एरर: पर्मिशन डिनाइड', त्याखाली 'ॲक्शन सस्पेंडेड'. कर्न.लॉगबद्दलही तेच.

जुनी_वाट | सोमवार, संध्याकाळी ६.४५

फोल्डर बरोबर आहे, माझा अंदाज चुकला. दोष त्या दोन फाइलींच्या मालकीत आहे. (फोल्डर बिघडला असता तरी यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बहुधा दुरुस्त झाला असता. उबुंटूच्या आरसिसलॉग पॅकेजची टीएमपीफाइल्समध्ये एक ओळ असते, ती प्रत्येक बूटला (यंत्र सुरू होताना) व्हार/लॉगची मालकी जागेवर आणते. तुमच्या यंत्रावर आतल्या या दोन फाइलींना तिने हात लावलेला दिसत नाही.)

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९.१०

जुनी_वाट यांनी कंसात लिहिलेलं महत्त्वाचं आहे. 'यंत्र पुन्हा सुरू करून पण फरक नाही' याचं उत्तर त्यात आहे.

काका, तीन आठवड्यांपूर्वी काय घडलं असेल ते सांगते, भाच्याला विचारून खात्री करा. त्याने आरएमने फाइली काढल्या. पण आरसिसलॉगने त्या उघडून ठेवल्या होत्या. लिनक्समध्ये फाइलीचं नाव काढलं तरी कुणी ती धरून बसलेलं असेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. म्हणून डीएफ अजूनही शंभर टक्के दाखवत राहिला असणार, आणि फाइलींची बेरीज करणारा डीयू मात्र तेवढा आकडा दाखवत नसणार. मग त्याला वाटलं असेल की लॉगच्या फाइली नाहीत म्हणून गडबड होतेय, आणि त्याने सुडो टच (रूटच्या अधिकाराने रिकामी फाइल बनवणं) करून त्या परत बनवल्या. सुडोने बनवल्या म्हणून मालक रूट झाला. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू केली, जुन्या फाइली सुटल्या, जागा मोकळी झाली. सगळ्यांना वाटलं काम झालं. पण नव्या आरसिसलॉगला त्या फाइली उघडता येईनात.

फाइल नसती तर आरसिसलॉगने स्वतः बनवली असती. ती आयती होती, म्हणूनच अडलं.

उपाय:

सुडो सीएचओन सिसलॉग:एडीएम, पुढे दोन्ही फाइलींचे मार्ग
सुडो सीएचमॉड ६४०, पुढे तेच दोन मार्ग
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग
लॉगर "चाचणी तीन"

कुणी ७७७ करा म्हणालं तर करू नका. ऑथ, सिसलॉग यांत कोण कुठून शिरलं, कुठली सेवा कशाने पडली हे सगळं असतं. ते कुणालाही वाचता, खोडता येता कामा नये.

वाचनालयवाला | सोमवार, रात्री ९.३५

'चाचणी तीन' आली! तीन आठवड्यांनी सिसलॉगमध्ये ओळ दिसली. भाच्याला फोन केला, त्याने अगदी तुम्ही लिहिलंत तसंच केलं होतं, टचसकट.

एक शंका. लॉगरोटेट दर आठवड्याला फाइली फिरवतो ना, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू करतो? मग तीन आठवड्यांत एकदाही नवी फाइल कशी बनली नाही?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०.०५

छान प्रश्न काढलात. ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग उघडा, त्यात 'नॉटइफएम्प्टी' अशी ओळ दिसेल. रिकामी फाइल फिरवू नकोस, असा तिचा अर्थ. तुमची फाइल रिकामी होती म्हणून फिरवली गेली नाही, आणि फिरवली गेली नाही म्हणून रूटच्या मालकीचीच राहिली. समजा फिरवली असती, तरी मुख्य लॉगरोटेट.कॉन्फमध्ये नुसतं 'क्रिएट' लिहिलेलं असतं, ते जुन्या फाइलीचाच मालक नव्या फाइलीला देतं. म्हणजे हात लावल्याशिवाय हे आपोआप कधीच सुटणार नव्हतं.

पुढच्या वेळी मोठी फाइल रिकामी करायची तर काढू नका. सुडो ट्रंकेट -एस ० आणि फाइलीचा मार्ग. फाइल तीच, मालक तोच, जागा ताबडतोब मोकळी. काढलेल्या पण कुणीतरी धरून ठेवलेल्या फाइली बघायच्या असतील तर सुडो एलएसओएफ +एल१.

पण खरी गोष्ट अजून बाकी आहे. २२ जीबी कशाने भरले? ते कारण गेलेलं नाही, फक्त त्याला लिहायला जागा नव्हती. आता तोंड उघडलंय. उद्या सकाळी आकार बघा.

पूर्वकिनारा | मंगळवार, पहाटे ४.२०

न्यू जर्सीहून. धागा आवडला, वाचनखूण साठवली.

एक वेगळा विचार मांडतो. आरसिसलॉग हवाच कशाला? २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून (उबुंटू ज्यावर बेतलंय ती प्रणाली) तो मुळात बसवलाच जात नाही, फक्त जर्नल असतं. काकांच्या यंत्रात निरोप जर्नलमध्ये येतच होते, तीन आठवडे. जर्नलसीटीएलला शोधायला किती सोपं: -पी ईआरआर म्हटलं की फक्त चुका, -यू आणि सेवेचं नाव म्हटलं की तेवढीच सेवा, कालपासूनचं हवं तर -सिन्स (आधी दोन रेघा) पुढे इंग्रजीत 'यस्टरडे' लिहून चालतं. दोन ठिकाणी तेच लिहिण्यात डिस्क झिजते.

जुनी_वाट | मंगळवार, सकाळी ८.००

यावर माझं मत निराळं आहे आणि ते मनापासून आहे. सिसलॉग एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिला. नंतर तो इतका रुजला की २००१ साली आरएफसी ३१६४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) फक्त 'जे आधीच चालू आहे' ते कागदावर उतरवलं. नीट मानक २००९ मध्ये आलं, आरएफसी ५४२४. रायनर गेरहार्ड्स यांनी आरसिसलॉग २००४ पासून घडवला. उबुंटूने ९.१० मध्ये जुना सिसकेलॉगडी सोडून तो घेतला, तेव्हा मी ते यंत्र वापरत होतो. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही: लॉग म्हणजे साधा मजकूर. यंत्र मेलं, डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावली, तरी कॅट आणि ग्रेप या साध्या आदेशांनी वाचता, शोधता येतो. जर्नलच्या फाइलीचा अर्धा भाग खराब झाला तर ग्रेप तुमच्या मदतीला येत नाही.

गावात, जिथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे मला साध्या मजकुराची प्रत हवी.

पूर्वकिनारा | मंगळवार, सकाळी ८.२५

मान्य आहे की साधा मजकूर टिकाऊ. पण जर्नल बिघडलं तर जर्नलडी ती फाइल बाजूला ठेवतो (नावाच्या शेवटी ~ लागतं) आणि नवी सुरू करतो. जुनीतलं जेवढं वाचता येईल तेवढं जर्नलसीटीएल दाखवतोच. जर्नलसीटीएल -व्हेरिफाय (आधी दोन रेघा) ने तपासता येतं.

आणि डेबियन १२ वर जाणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत: फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड देत राहणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) ऑथ.लॉग शोधतं, ती फाइल तिथे नसते, त्यामुळे सेवा उठतच नाही. त्याच्या जेल.लोकलमध्ये बॅकएंड 'सिस्टमडी' करावं लागतं.

वाचनालयवाला | मंगळवार, सकाळी १०.४०

रात्रपाळी ताई, तुमचं खरं ठरलं. रात्रीत सिसलॉग ४१० एमबी, कर्न.लॉग ४०८ एमबी. आत हे पुन्हा पुन्हा, सेकंदाला कितीतरी वेळा:

पीसीआयईपोर्ट ००००:००:१सी.५: एईआर: करेक्टेड एरर रिसीव्ह्ड
पीसीआयई बस एरर: सिव्हिरिटी=करेक्टेड, टाइप=फिजिकल लेयर, (रिसीव्हर आयडी)

काळजीने विचारतो, मदरबोर्ड जातोय का?

लॅबसहायक | मंगळवार, सकाळी १०.५५

मदरबोर्ड नाही हो, घाबरू नका. हे आमच्याकडे चार यंत्रांवर होतं. ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये (ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल उठवणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या ओळीत पीसीआय=नोएईआर टाका, सुडो अपडेट-ग्रब करा, यंत्र पुन्हा सुरू करा. ओळी बंद.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११.३०

लॅबसहायक, त्याने ओळी बंद होतात हे खरं. पण एईआर म्हणजे पीसीआयई बसवरच्या (मदरबोर्ड आणि कार्डं जोडणारा मार्ग) चुका कळवणारी यंत्रणा, आणि नोएईआरने ती कळवणंच थांबतं. उद्या 'करेक्टेड' ऐवजी 'अनकरेक्टेड' चूक झाली तरी काकांना कळणार नाही. ज्या यंत्रावर गावाच्या पुस्तकांची नोंद आहे तिथे मी हे पहिल्या पायरीला करणार नाही.

काका, 'करेक्टेड' म्हणजे बसवरून जाताना माहितीचा तुकडा बिघडला आणि हार्डवेअरने स्वतःच सुधारला. डेटा गेलेला नाही. 'फिजिकल लेयर, रिसीव्हर' म्हणजे विजेच्या संकेतातच खोट: कार्ड नीट न बसणं, धूळ, टोकांवर गंज, किंवा वीज वाचवण्यासाठी दुव्याला झोपवणं-उठवणं. क्रमाने करा:

१. एलएसपीसीआय -टीव्ही म्हणा. १सी.५ च्या खाली कोणतं कार्ड लोंबतंय ते दिसेल.
२. यंत्र बंद, वायर भिंतीतून काढा, ते कार्ड काढा, सोनेरी टोकं स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा, स्लॉट फुंकणीने साफ करा, कार्ड परत घट्ट बसवून स्क्रू आवळा.
३. तरी आलं तरच ग्रबच्या ओळीत पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स. याने दुव्याची वीजबचत बंद होते, चुका कळवणं चालू राहतं.
४. तरीही थांबलं नाही तर कार्ड बदला.

आणि दोन फाइली सारख्याच आकाराच्या का, हेही सांगते. कर्नलचा प्रत्येक निरोप कर्न.लॉगमध्ये जातो आणि सिसलॉगच्या नियमात 'ऑथ सोडून सगळं' असल्याने तिथेही जातो. वर जर्नलमध्ये तिसरी प्रत. जर्नलला सेवांसाठी वेगमर्यादा आहे (३० सेकंदांत १०,००० निरोप, पुढचे गाळले जातात), पण कर्नलच्या निरोपांना ती लागत नाही. म्हणून असा पूर आला की तो तिन्हीकडे शिरतो.

वाचनालयवाला | मंगळवार, रात्री ८.१५

१सी.५ खाली वायफायचं कार्ड निघालं. मागच्या वर्षी खोली बदलली तेव्हा यंत्र टेम्पोतून आणलं होतं, बहुतेक तेव्हाच सैल झालं असावं. स्क्रू होताच कुठे! काढलं, पुसलं, स्क्रू लावून बसवलं. तीन तास झाले. आधी मिनिटाला हजारांनी येणाऱ्या ओळी आता तीन तासांत सहा.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८.३०

वा! सहासुद्धा नकोत. एएसपीएम बंद करून बघा, पण घाई नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, रविवारी दुपारी यंत्र का बंद पडलं. सिसलॉग रिकामी असली तरी जर्नल होतं. जर्नलसीटीएल -लिस्ट-बूट्स (आधी दोन रेघा) म्हणा, त्यातला रविवार दुपारी संपलेला बूट शोधा. मध्ये तुम्ही यंत्र दोन-तीनदा सुरू केलंय, त्यामुळे तो -१ नसेल, -३ किंवा -४ असेल. मग जर्नलसीटीएल -बी -४ -ई, शेवटच्या ओळी दिसतील.

वाचनालयवाला | बुधवार, सकाळी ९.५०

-४ होता. शेवटच्या नोंदी दुपारी ३.१७ च्या, त्याच नेहमीच्या पीसीआयईच्या. पुढे काहीच नाही. 'सेवा थांबवतोय', 'शटडाउन' असलं काही नाही, ओळ तुटल्यासारखी संपते. पुढचा बूट ३.२४ ला.

जुनी_वाट | बुधवार, सकाळी १०.१०

म्हणजे वीज गेली. यंत्र रीतसर बंद झालं असतं तर शेवटी एकेक सेवा थांबवल्याच्या ओळी आल्या असत्या. कर्नल कोसळला असता तर कधी कधी मागे काही खुणा राहतात, कधी नाही, पण सात मिनिटांचं अंतर आणि मग बूट म्हणजे लाईट जाऊन आली असंच मला वाटतं. ३.१७ हीच नेमकी वेळ धरू नका. जर्नलडी साध्या निरोपांना दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्कं करतो, फक्त अतिगंभीर निरोप लगेच. शेवटची काही मिनिटं लिहायची राहून गेलेली असू शकतात.

यूपीएस आहे ना?

वाचनालयवाला | बुधवार, सकाळी १०.३०

आहे, सहा वर्षांचा. रविवारी लाईट गेली होती का ते शेजारच्या पिठाच्या गिरणीत विचारलं. सव्वातीनला गेली होती, पाच मिनिटांत आली. दळण अडकलं होतं म्हणून त्यांच्या पक्कं लक्षात आहे. यूपीएसने पाच मिनिटंही धरलं नाही म्हणायचं.

लॅबसहायक | बुधवार, सकाळी १०.४५

यूपीएसची बॅटरी बदला, आणि त्याच वेळी यंत्र उघडून मदरबोर्डवरची सीआर२०३२ नाण्याएवढी बॅटरीही बघून घ्या. ती संपली असेल तर वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. मग लॉगमध्ये बूटच्या सुरुवातीच्या ओळी भलत्याच जुन्या तारखेच्या आणि नंतर अचानक आजची तारीख. यातून कारण शोधताना माणूस पार गोंधळतो. बॅटरीची किंमत एका वडापावच्या जोडीएवढी.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २.२०

आता परत डिस्क भरू नये म्हणून दोन कुंपणं घाला.

एक, जर्नलला. ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज=५००एम, मग सिस्टमडी-जर्नलडी पुन्हा सुरू. काही लिहिलं नसेल तर तो विभाजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत (जास्तीत जास्त ४ जीबी) वाढतो, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबी. आत्ता किती आहे ते जर्नलसीटीएल -डिस्क-यूसेज सांगेल, लगेच छाटायचं तर -व्हॅक्युम-साइझ=५००एम (दोन्हींच्या आधी दोन रेघा).

दुसरं, लॉगरोटेटला. आरसिसलॉगच्या त्या फाइलीत मॅक्ससाइझ १००एम ही ओळ टाका, म्हणजे आठवडा व्हायच्या आधी फाइल १०० एमबीच्या वर गेली तरी फिरेल. पण लॉगरोटेट स्वतः दिवसातून एकदाच जागा होतो, त्याला सिस्टमडीचा टायमर उठवतो. तुमच्यासारखा पूर आला तर दिवसभरात बरंच नुकसान होऊ शकतं, म्हणून सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर करून तो तासाला करा. आधी रिकामी 'ऑनकॅलेंडर=' लिहायची, मग पुढच्या ओळीत 'ऑनकॅलेंडर=अवर्ली'. पहिली रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लागू होतात.

पूर्वकिनारा | बुधवार, संध्याकाळी ७.००

टायमरच्या त्याच एडिटमध्ये 'ॲक्युरसीसेक' पण बघा. लॉगरोटेटच्या टायमरमध्ये ते तासांत दिलेलं असतं, म्हणजे 'तासाला' म्हटलं तरी तो सवडीने उठू शकतो. एक मिनिट करा.

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ७.१०

+१, हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

अभ्यासिका | शुक्रवार, रात्री १०.३०

नमस्कार, मीच तो भाचा. सगळा धागा वाचला. सुडो टचमुळे असं होतं हे माहीत नव्हतं. मामांनी कालच्या बैठकीत यूपीएसच्या बॅटरीचा खर्च मंजूर करून घेतलाय.

मी मामांसाठी रात्री डेटाबेसची प्रत काढणारी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती झाली की नाही हे त्यांना एका वेगळ्या फाइलीत दिसायला हवं, सिसलॉगच्या गर्दीत नको. स्क्रिप्टमधून लॉगर -पी लोकल०.इन्फो -टी ग्रंथप्रत वापरतोय (लोकल० हा आपल्या कामासाठी मोकळा ठेवलेला प्रकार). ईटीसी/आरसिसलॉग.डी मध्ये ६०-वाचनालय.कॉन्फ बनवून त्यात लोकल०.* आणि व्हार/लॉग/वाचनालय.लॉग असं लिहिलं. फाइल बनली, पण तेच निरोप सिसलॉगमध्येही येतात. थांबवायचं कसं?

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०.५०

अरे वा, स्वागत. आणि या वेळी फाइल आरसिसलॉगलाच बनवू दिलीस ना? छान.

नियम नावाच्या क्रमाने वाचले जातात. सिसलॉगचा नियम ५०-डिफॉल्ट.कॉन्फ मध्ये आहे, तुझी फाइल ६० ची, म्हणजे तुझ्या नियमाची पाळी येईपर्यंत निरोप सिसलॉगमध्ये जाऊन बसलेला असतो. नाव बदलून ३०-वाचनालय.कॉन्फ कर, आणि तुझ्या ओळीच्या लगेच खाली दुसरी ओळ: & स्टॉप. म्हणजे या निरोपाचं इथेच संपलं, पुढे नेऊ नकोस. बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू करायच्या आधी सुडो आरसिसलॉगडी -एन१ चालव, लिहिण्यात चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासह सांगतो.

आणि एक राहिलं: ही नवी फाइल लॉगरोटेटला माहीत नाही. ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग मधल्या यादीत तिचाही मार्ग लिही, नाहीतर ती कधीच फिरणार नाही.

अभ्यासिका | शुक्रवार, रात्री ११.२५

झालं. -एन१ ने लिहिण्यातली एक चूक पकडली, ती सुधारली. आता वाचनालय.लॉगमध्ये 'ग्रंथप्रत: पूर्ण', सिसलॉगमध्ये नाही. यादीतही मार्ग टाकला. उद्या सकाळी मामा बघतील.

वाचनालयवाला | शनिवार, सकाळी ९.०५

बघितलं. रात्री २.०० ची नोंद आहे. एएसपीएम बंद केल्यापासून पीसीआयईची एकही ओळ नाही, कर्न.लॉग दोन दिवसांत ३४० केबी. लॅबसहायक, सीआर२०३२ पण बदलली, खरंच संपलेली होती.